हळूसाहेब

रस्त्यानं कुणी गाडी सुसाट नेली की चारचौघं शिव्या देतात. सर मात्र नुसते बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या, गेला बिचारा." पण एखादा ट्रक मुंगीच्या पावलांनी मागं मागं येताना दिसला, की साप बघितल्यावर आपला होतो तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

वरव्याजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होते. लोखंडी पत्रा दाबून मोटारींचे सुटे भाग करायचा कारखाना. मी किकवीहून स्कूटरनं जायची, सर भोरहून एसटीनं यायचे. ते आमचे सुरक्षा अधिकारी. अंगानं काडी, डोक्यावर हेल्मेट, आणि ते हेल्मेट कँटीनमध्ये पिठलं-भाकरी खातानासुद्धा काढायचे नाहीत. मिशीला पिठलं लागलेलं असायचं आणि वर पिवळंधमक हेल्मेट. कामगार त्यांना हळूसाहेब म्हणत. तोंडावर 'सर', माघारी हळूसाहेब. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

नाव पडलं ते त्यांच्या रोजच्या भाषणामुळं. पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना मशीनपुढं उभं करून ते बोलायचे. बाकीच्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी शपथ वाचून घेतात आणि चहाला जातात. आमचे सर म्हैस आणायचे. म्हणजे बोलण्यात.

"माशी किती जोरात उडते?" ते विचारायचे.

"लई जोरात!" मागून कुणीतरी.

"कपाळावर आपटली तर काय होतं?"

"काय व्हत न्हाई."

"आणि गोठ्यात म्हैस वळताना तुम्ही तिच्या आणि भिंतीच्या मधे सापडलात तर?"

इथं सगळे गप्प व्हायचे. कारण वेल्ह्याच्या डोंगरातून आलेला असो नाहीतर महामार्गाच्या कडेचा, तिथल्या प्रत्येकाच्या बरगड्यांना कधी ना कधी म्हैस भेटलेली होती.

"म्हैस पळत आली होती का? नाही. तिला राग आला होता का? नाही. तिला फक्त वळायचं होतं. फोर्कलिफ्ट म्हणजे चार-पाच म्हशी एकावर एक. तीही रागानं येत नाही. हळू येते, आणि हळू येते म्हणूनच तुम्ही हात आडवा करता."

मग भाताच्या पेंढ्याचं उदाहरण यायचं. माळ्यावरून पेंढ्यात उडी मारली तर पोर हसत उठतं, त्याच माळ्यावरून फरशीवर मारली तर पाय मोडतो. उंची तीच, वेग तोच. मग फरक कशाचा? "थांबायला जागा किती मिळाली त्याचा," असं म्हणून सर हेल्मेटवर टिचकी मारायचे. "वेग मारत नाही. अचानक थांबणं मारतं. आणि पाठीमागं भिंत असली की थांबायला जागाच नसते."

रोज ऐकून ऐकून हे आम्हाला पाठ झालं होतं. पाठ झालेल्या गोष्टीचं माणूस जे करतो तेच आम्ही केलं, त्याची गंमत केली. कुणी जिन्यात धक्का दिला तरी लोक ओरडायचे, "अरं म्हैस आली, म्हैस!" सगळ्यांत जास्त ओरडायचा किसन. हा पासलीचा गडी, माल उचलून नेणारी फोर्कलिफ्ट चालवायचा. दंड असे की शर्टाच्या बाह्या त्याला पुरायच्या नाहीत. "सर, तुमी काय बी म्हना," तो म्हणायचा, "म्या गावाकडं घाटात बंद पडल्याली जीप एकल्यानं धरून ठिवलीया."

"मागं दरी होती की भिंत?" सर विचारायचे.

"दरी."

"म्हणून सांगायला राहिलास."

या किसनच्या धाकट्या भावाचं लग्न पासलीला झालं. अख्खी पाळी गेली होती, सरही आले होते. वरात निघाली. टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर, टेम्पो गोगलगाईसारखा उताराला लागलेला, आणि बंपरपासून वीतभर अंतरावर नवरदेवाचे मित्र उलटे नाचतायत. मी सरांकडं बघितलं. त्यांच्या डोक्यावर फेटा होता, पण फेट्याखाली घाम फुटला होता. थोड्या वेळानं ते दिसेनासे झाले, आणि आले ते हातात एक लाकडी पाचर घेऊन. कुणाच्या तरी गोठ्यातून मागून आणली होती. मग संपूर्ण वरातभर हा माणूस टेम्पोच्या पुढच्या चाकाला चिकटून, कमरेत वाकून, हातातली पाचर चाकापुढं धरत चालला. टेम्पो थांबला की पाचर चाकाखाली, हलला की पाचर बाहेर.

वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या कौतुकानं बघायला लागल्या.

"ह्यो कंचा ईधी म्हनायचा गं?"

"भोरकडल्यांचा आसंल. पावनं मोठ्या घरचं दिसत्यात."

देवळापाशी टेम्पो थांबला तेव्हा एकीनं पुढं होऊन पाचरीला हळद-कुंकू लावलं आणि सरांच्या हातात सुपारी ठेवली. सरांनी ती मुकाट्यानं खिशात टाकली. मला म्हणाले, "लावू द्या. निदान आता ही पाचर कुणी चुलीत घालणार नाही."

आम्हा सगळ्यांची एक समजूत होती. या माणसाच्या आयुष्यात कधीतरी भयंकर काहीतरी घडलं असणार. कुणी म्हणे त्यांचा भाऊ रेल्वेच्या डब्याखाली गेला, कुणी म्हणे जुन्या कंपनीत त्यांच्या डोळ्यांदेखत कामगार चिरडला. स्टोअरमध्ये चहा पिताना मी एकदा विचारलंच. त्यांनी बराच विचार केला. आठवून बघितल्यासारखा.

"नाही हो. काही घडलं नाही. मी एकदा बसून गणित केलं, आणि घाबरलो."

मला तर खूपच वाईट वाटलं. त्यापेक्षा भाऊ रेल्वेखाली गेला असता तर सांगायला बरं झालं असतं.

आता आमच्या मोठ्या साहेबांबद्दल सांगायला हवं. ते सगळ्या कारखान्याचे प्रमुख. सुरक्षेवर त्यांची अपार श्रद्धा होती आणि ती सगळी बोर्डांवर होती. 'सुरक्षित हात, सुखी घर' असा बोर्ड. 'वेगमर्यादा ताशी पाच' असा बोर्ड. यातला दुसरा लागला तेव्हा सरांनी लक्षात आणून दिलं, की आपल्या फोर्कलिफ्टला वेग दाखवणारा काटाच नाही, तर चालवणाऱ्याला पाच कळणार कसे? साहेबांनी तक्रारीची ताबडतोब दखल घेतली. बोर्ड मोठा केला.

सरांचं एकच मागणं होतं. फोर्कलिफ्ट जिथून जाते आणि माणसं जिथून चालतात, त्या दोन्हींच्या मधे लोखंडी कठडा हवा. गोदामाच्या वळणावर तर हवाच. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळं तिचं बूड अचानक बाहेर फेकलं जातं आणि कडेनं चालणारा भिंतीला लागतो. हे सर सांगायचे आणि स्वतःचंच बूड फिरवून दाखवायचे. बैठकीत सगळे हसायचे आणि कठडा पुढच्या बैठकीवर जायचा. शेवटी साहेबांनी मधला मार्ग काढला. जमिनीवर पिवळी रेघ मारून दिली.

"रेघेच्या आत माणूस, बाहेर गाडी," साहेब म्हणाले. "झालं की नाही?"

"झालं, साहेब," सर म्हणाले. "आता फक्त फोर्कलिफ्टला वाचायला शिकवायचं राहिलं."

हे वाक्य साहेबांनी लक्षात ठेवलं.

त्या वर्षीच्या सुरक्षा सप्ताहाला आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीतले एक पाहुणे येणार होते. सकाळीच रेघ नव्यानं रंगवली गेली, फुगे लागले, घोषवाक्य स्पर्धेची बक्षिसं मांडली गेली. सरांना प्रात्यक्षिकासाठी थोडा वेळ मिळाला होता. त्यांनी फोर्कलिफ्टच्या पाठीमागं जाडजूड दोर बांधला आणि जाहीर केलं, "किसन ही माणसाच्या चालीनं पुढं नेईल आणि न्यूट्रल करेल. म्हणजे इंजिनाचा जोर शून्य, फक्त वजन. मागं दोर धरून कुणीही तिला थांबवून दाखवा. पुढं कुणी उभं राहायचं नाही."

सर गड्यांमधला एखादा ताकदवान माणूस बोलावणार होते. पण पाहुण्यांनी चेष्टेत साहेबांकडं बघितलं, आणि साहेबांच्या अंगात त्यांचं कॉलेज संचारलं.

"मी आखाड्यात उतरलेला माणूस आहे," असं म्हणत त्यांनी कोट काढला. "एवढ्याशा चालीला काय थांबवायचं!"

"साहेब, दोर सोडायचा असेल तेव्हा सोडा," सर काकुळतीला येऊन म्हणाले. "हाताला गुंडाळू नका तेवढा."

फोर्कलिफ्ट निघाली. अगदी हळू, देवाची पालखी निघावी तशी. किसननं न्यूट्रल केली आणि साहेबांनी पाय रोवले. पाय रोवलेले राहिले आणि साहेब निघाले. तोंडावर हसू, दात घट्ट, बूट फरशीवरून सरळ घसरतायत. हात सोडले असते तर तिथंच संपलं असतं, पण पाहुण्यांसमोर दोर सोडणार कोण? अख्ख्या कारखान्याच्या डोळ्यांदेखत फोर्कलिफ्ट त्यांना सन्मानानं ओढत घेऊन गेली, ओल्या पिवळ्या रेघेवरून. रेघ जिथवर होती तिथवर बुटांचे दोन लांबलचक फराटे उमटले. शेवटी किसनला दया आली आणि त्यानं ब्रेक लावला.

हसू दाबल्यावर नाकातून जो आवाज येतो, तेवढाच पत्रा दाबायच्या प्रेसशॉपकडून आला. पाहुण्यांना मात्र वाटलं, हे ठरवूनच बसवलेलं आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा! प्रमुख अधिकारी स्वतः प्रात्यक्षिकाला उतरतात, असं मी कुठंच पाहिलं नाही!" साहेबांना हसून मान लववावी लागली. पिवळे बूट घालून त्यांनी दिवसभर पाहुण्यांना कारखाना दाखवला.

पुढच्या आठवड्यात सरांची बदली गेटवर झाली. 'गेटवर सुरक्षेची अधिक गरज आहे' असं कारण दिलं होतं. आपल्या भाषेनं साहेबांना मदत केली, कारण आपल्याकडं अपघात टाळणं हीही सुरक्षा आणि चोर पकडणं हीही सुरक्षा. सर वॉचमन लोकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागले. कामगारांच्या पिशव्या बघायचं काम होतं. पिशवी न बघताच ते म्हणायचे, "चल, आत जा. फोर्कलिफ्टच्या मागनं जाऊ नकोस." सकाळचं भाषण बंद पडलं. पहिल्या दिवशी बरं वाटलं, मग पाळीआधी नुसतं उभं राहून काय करायचं ते कुणालाच कळेना.

गेटमधून आत आलं की आमच्याकडं उतार होता आणि उताराच्या तळाशी साहेब लोकांच्या गाड्या, कंपाउंडच्या भिंतीला लागून. एका दुपारी, दुसरी पाळी आत येत असताना, पत्र्याचे रोल भरलेला टेम्पो उतारावर उभा राहिला. ड्रायव्हर पावती घ्यायला माझ्या खिडकीशी आला. सर त्याच्या मागं आले. "चाकाला दगड लाव आधी."

"हँडब्रेक हाय की, साहेब."

"हँडब्रेक असू दे. दगड लाव."

ड्रायव्हर हसला. सर स्वतःच दगड शोधायला वळले, आणि मी खिडकीतून बघत होते तेव्हा टेम्पो हलला. आधी वाटलं, मलाच भास झाला. इतका हळू. मग कुणीतरी ओरडलं, "अरं साहेबांची गाडी!" आणि आत येणाऱ्या घोळक्यातले तिघं धावले. सगळ्यांत पुढं किसन. तळाशी साहेबांची नवीकोरी पांढरी गाडी होती. किसननं तिला पाठ लावली, पाय रोवले आणि येणाऱ्या टेम्पोच्या तोंडावर दोन्ही हात दिले.

सरांना पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. "सोडा! हात सोडा! बाजूला व्हा!" त्यांचा आवाज फाटला होता. बाकीच्या दोघांनी टेम्पोला लावलेले हात काढले. किसन हलेना. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या आणि त्याला खरंच वाटत होतं की थांबतोय. टेम्पोला मात्र तसं काही वाटत नव्हतं. किसनचे कोपर वाकायला लागले. सरांनी कडेनं येऊन त्याच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी धरलं आणि स्वतःला मागं झोकून दिलं. दोघं कडेच्या झेंडूच्या वाफ्यात जाऊन पडले.

टेम्पो तसाच, कसलीही घाई न करता, गाडीवर गेला. काच फुटल्याचा एकदम आवाज होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. पत्रा सावकाश चुरगळत गेला, कुणी जड कपाट सरकवावं तसा, आणि तो आवाज बराच वेळ पुरला. गाडी भिंतीला टेकली, निम्मी झाली आणि मग तिचा भोंगा वाजायला लागला.

किसन वाफ्यातच बसून राहिला. गाडी आणि टेम्पो यांच्यात आता हात घालायलाही फट नव्हती. तो तिकडंच बघत होता. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले.

"सर," तो म्हणाला, "माज्या अंगात लई जोर हाय वो."

"आहे रे," सर म्हणाले. त्यांचं हेल्मेट कुठंतरी पडलं होतं आणि टक्कल मातीनं भरलं होतं. "जोर होता. जागा नव्हती."

कँटीनच्या मावशींनी पाणी आणलं. ते सरांनी आधी किसनला पाजलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. टेम्पोची पावती माझ्याकडं असल्यामुळं मलाही. साहेबांची तक्रार अशी होती, की कंपनीच्या आवारात मालमत्तेचं नुकसान होत असताना तीन धडधाकट कामगार ते रोखत होते, आणि सुरक्षा अधिकाऱ्यानं त्यांना रोखण्यापासून रोखलं.

"टेम्पो चालीपेक्षाही हळू होता," साहेब म्हणाले. "तिघांनी जोर लावला असता तर गाडी वाचली असती की नाही? हो की नाही एवढंच सांगा."

सरांनी खरोखर विचार केला. चेष्टा नाही, ते डोळे मिटून मनात आकडे मांडत होते.

"पूर्ण वाचली नसती," ते म्हणाले. "पण थोडं कमी लागलं असतं. किसन मधे राहिला असता तर तेवढा धक्का त्यानं घेतला असता. माणूस मऊ असतो, साहेब. गादीसारखा उपयोगी पडतो."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. त्या खुलाशावर पुढं काही कारवाई झाली नाही.

मात्र या प्रकरणानं साहेबांना कठड्याचं महत्त्व पटलं. महिन्याभरात कठडा बसला. जाड पाइपांचा, दोन पदरी, जमिनीत खोल गाडलेला, साहेब लोकांच्या गाड्यांभोवती. कारखान्यातलं पहिलं काम, ज्याला सरांनी सांगितलेलं माप तंतोतंत वापरलं होतं. आत गोदामाच्या वळणावर रेघच राहिली, तीही फराट्यांची.

सर काही दिवस तो कठडा हात लावून लावून बघत होते. आम्हाला वाटलं, दुःखानं बघतायत. एका सकाळी पहिली पाळी गेटमधून आत आली तर ते वाटेत उभे. नेहमीची वाट अडवलेली, हातानं दाखवतायत, "इकडून. कठड्याच्या आतून चला." गाड्यांच्या रांगेतून थेट प्रेसशॉपच्या मागच्या दाराशी जाता येत होतं, गोदामाचं वळण न लागता. ते दार वर्षानुवर्षं बंद होतं. सरांनी किसनकडून त्याच्या बिजागऱ्यांना तेल घालून घेतलं होतं. पाळीच्या पाळी, डबे-पिशव्या सांभाळत, साहेब लोकांच्या गाड्यांना घासत आत जाऊ लागली.

साहेब तरातरा आले. "ही अधिकाऱ्यांची जागा आहे!"

"होय, साहेब," सर म्हणाले. "म्हणूनच सुरक्षित आहे."

डब्यांचे ओरखडे गाड्यांवर उठायला लागले. त्यावर नाराजीच्या चार-दोन बैठका झाल्या. कठडा काढावा तर पाहुण्यांना त्याचे फोटो आधीच पाठवलेले, त्यांची शाबासकीही आलेली. शेवटी एकेक करून साहेब लोकांनी आपल्या गाड्या गेटबाहेर लिंबाखाली लावायला सुरुवात केली. कठड्यातून आता फक्त माणसं चालतात. अजूनही.

सर निवृत्त झाले तेव्हा कँटीनमध्ये निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, समोसे. सरांच्या पत्नी भोरहून आल्या होत्या. किसन रजा असतानाही आला होता आणि मागं भिंतीला टेकून उभा होता. बोलायला कोणी उठेना, म्हणून साहेबच उठले. त्यांना त्या दिवशीही सरांबद्दल सांगण्यासारखं काही सापडत नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

"तसं बघायला गेलं तर," ते म्हणाले, "एवढी वर्षं हे आपल्याकडं होते, पण खरं सांगायचं तर यांच्या काळात काही विशेष असं घडलंच नाही."

मागच्या बाकांवर थोडी चुळबुळ झाली. मला साहेबांचा राग आला. मी सरांच्या पत्नींकडं बघितलं, आणि त्या सरांकडं बघत होत्या.

सर शालीसकट उठून उभे राहिले होते. डोळे भरून आले होते. त्यांनी साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि तो सोडेचनात.

"साहेब," ते म्हणाले, "माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नाही."